बूटकॅम्पला पाठवू का?

माननीय बाई,

आमचं गाव देवगड तालुक्यात. यजमानांची हापूसची साठ कलमं आहेत, पावसाळ्यात थोडी भातशेती. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. दोन वर्षं मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळतो. चौघांची टीम आहे. बाकीचे तिघे कणकवली, सातारा आणि नागपूरचे, एकमेकांना अजून प्रत्यक्ष भेटलेलेही नाहीत. गणपतीच्या आधी एका ऑनलाइन स्पर्धेत तिसरे आले. त्याच्या वाट्याचे पाच हजार त्याने माझ्या हातात आणून दिले. आता पुण्याचा कोणी माणूस म्हणतो, बूटकॅम्पला या, राहणं-जेवण देतो, वर महिना दहा हजार. पण दिवसभर सराव करावा लागेल, म्हणजे कॉलेज सुटणार. मुलगा म्हणतो, बारावी पुढच्या वर्षी देईन. यजमान म्हणाले, "ह्येच्यान पॉट भरतला?" आणि रागाच्या भरात फोन अंगणात भिरकावला. काच फुटली. आज आठ दिवस बापलेक बोलत नाहीत. माझ्या यूपीआयवरून दोन महिन्यांत दोन हजार तीनशे रुपये गेलेत, तेही मला आत्ता कळलं. हे खरंच काही करिअर असतं का? पाठवू का?

– एक आई

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. बूटकॅम्पला आत्ता पाठवू नका. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा होऊ द्या. आणि तोवर त्याचा खेळ बंदही करू नका. ही दोन्ही वाक्यं यजमानांना आणि मुलाला एकत्र बसवून वाचून दाखवा. वेगवेगळं सांगितलंत तर एकाला पहिलंच ऐकू येईल आणि दुसऱ्याला दुसरंच.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. पाच हजार त्याने तुमच्या हातात आणून दिले. आपल्याकडे बागेतली पहिली पेटी देवापुढे ठेवतात, तसंच हे झालं. त्या पोराच्या मनात ते बक्षीस नव्हतं, कमाई होती. म्हणून फोन अंगणात पडला तेव्हा त्याच्या लेखी खेळणं फुटलं नाही, अवजार फुटलं. ऐन मोहोरात कोणी यजमानांचा फवारणीचा पंप उचलून चिऱ्यावर आपटला असता तर त्यांना काय वाटलं असतं, एवढंच त्यांना विचारा. त्यांचा राग मला कळतो. साठ कलमांवर घर चालवणाऱ्या माणसाला पोटाची काळजी असणारच, आणि त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त तो फोनला न विचारता मुलाला विचारायला हवा होता.

आता, हे खरंच काही असतं का? असतं. मलाही आधी पटलं नव्हतं. माझा भाचा कुडाळला असतो, तोही हाच खेळ खेळतो. गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी ओटीवर बसले आणि तासभर काही न बोलता नुसतं पाहिलं. दोन्ही अंगठ्यांवर कापडाच्या बारीक टोप्या, घामाने बोट घसरू नये म्हणून. फोन धरायचा तो अंगठे आणि तर्जन्या अशा चार बोटांनी, खेकड्यासारखा. मैदानात सोळा टीम, चौसष्ट खेळाडू. नकाशावरचं वर्तुळ, म्हणजे झोन, आवळत जातं आणि शेवटी सगळे एका खळ्याएवढ्या जागेत येतात. भाचा टीमचा आयजीएल, म्हणजे खेळता खेळता टीमला हुकूम देणारा, आपल्याकडच्या होडीवरचा तांडेल. कानात हेडफोन, आणि तोंडाने एकसारखं चालू: "डावीकडच्या घरात दोघं आहेत, आवाज आला. थांब, झोन इकडे येणार. आता नको, आता नको... चल." गोळी झाडण्याआधी तो दहा मिनिटं नुसता थांबला होता. वारा बघून जाळं टाकावं तसा. आणि सामना संपायला आला तेवढ्यात लाईट गेली. वाय-फाय बंद, मोबाइलच्या डेटावर पिंग चाळीसवरून तीनशेवर, म्हणजे त्याने बोट दाबल्यावर पलीकडे उमटायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात तो खेळात मेला. फोन शांतपणे पालथा ठेवला आणि मला म्हणाला, "आत्या, पुण्यातल्या पोराचं असं होत नाही."

त्या दिवसापासून मी याला टाइमपास म्हणणं सोडलं.

हा धंदा काल-परवाचाही नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकावरच्या एका खेळाची स्पर्धा झाली, बक्षीस होतं एका मासिकाची वर्गणी. खरा पाया घातला दक्षिण कोरियाने. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे घरोघर वेगवान इंटरनेट गेलं, गल्लोगल्ली तासावर संगणक देणारी दुकानं उघडली, आणि २००० मध्ये सरकारच्या पाठिंब्याने या खेळांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. सामने टीव्हीवर दिसू लागले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा वर्षांच्या काइल गियर्सडॉर्फ या मुलाने फोर्टनाइट या व्हिडिओ गेमच्या विश्वचषकात एकट्याने तीस लाख डॉलर जिंकले. आशियाई स्पर्धांत २०१८ साली जकार्ताला ई-स्पोर्ट्स, म्हणजे असे स्पर्धेचे व्हिडिओ गेम, प्रात्यक्षिक म्हणून होते, तिथे आपल्या तीर्थ मेहताने कांस्य मिळवलं. हांगझोच्या स्पर्धेत, म्हणजे २०२३ मध्ये, त्यांना पदकाचा दर्जा मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. तुमचा मुलगा खेळतो त्या खेळाच्या भारतातल्या मुख्य स्पर्धेला २०२३ साली एकूण दोन कोटींची बक्षिसं होती. ही माहिती यजमानांसाठी आहे.

पुढची मुलासाठी.

आंब्याच्या धंद्यात झाड तुमचं असतं आणि भाव दुसऱ्याच्या हातात. पेट्या वाशीच्या बाजारात जातात आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईपर्यंत आपल्याला काय मिळणार ते ठाऊक नसतं. दर वर्षी तुमचे यजमान हे सोसतात. तरी पट्टी कितीही कमी आली तरी पुढच्या वर्षी मोहोर यायला झाड जागेवर असतं. तुमच्या मुलाच्या खेळात झाडही त्याचं नाही. बीजीएमआय हा क्राफ्टन या कोरियन कंपनीच्या मालकीचा खेळ आहे. कबड्डीला मालक नाही. रत्नागिरीतल्या मातीच्या मैदानावर खेळा की प्रो कबड्डीच्या मॅटवर, खेळ कोणाला बंद करता येत नाही. व्हिडिओ गेम मात्र बंद होतो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला. २८ जुलै २०२२ ला तोही अ‍ॅप स्टोअरमधून नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायर हा तसलाच दुसरा खेळ फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. म्हणजे तीन वर्षांत दोनदा, पोरं रात्री सराव करून झोपली आणि उठली तेव्हा मैदान नव्हतं. भाच्याच्या ओळखीच्या दोन पोरांनी दुसऱ्या वेळच्या दहा महिन्यांत खेळ सोडला. एक आता गोव्याला हॉटेलात कामाला आहे. त्याचा खेळ वाईट नव्हता.

बक्षिसांचंही तसंच. डोटा २ या खेळाच्या मोठ्या वार्षिक स्पर्धेची बक्षिसं २०२१ मध्ये चार कोटी डॉलरवर गेली होती. ई-स्पोर्ट्सवर बोलणारा प्रत्येक जण हाच आकडा सांगतो. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच स्पर्धेची रक्कम तीस लाख डॉलरच्याही खाली होती. खेळ तोच होता आणि खेळाडूही तितकेच तयारीचे. मग झालं काय? पूर्वी खेळातल्या शोभेच्या वस्तू विकून जो पैसा यायचा, त्याचा चौथा हिस्सा कंपनी बक्षिसात घालत असे. २०२३ मध्ये कंपनीने विक्रीची ती पद्धतच बदलली आणि बक्षीस आटलं. ओव्हरवॉच या खेळाच्या अमेरिकी लीगमध्ये एकेका संघाच्या जागेची किंमत सुरुवातीला सुमारे दोन कोटी डॉलर होती, ती लीग २०२३ च्या अखेरीस बंद पडली. या धंद्यातला बराचसा पैसा खेळाच्या जाहिरातीचा आणि प्रायोजकांचा आहे. तिकिटं काढून येणाऱ्या प्रेक्षकावर तो उभा नाही. कंपनीला जाहिरातीची गरज असेपर्यंत तो वाहतो.

तुमचा मुलगा आता फेकरचं नाव काढेल. काढू द्या, चांगलं नाव आहे. ली संग-ह्योक हा कोरियन खेळाडू, फेकर या नावाने खेळतो. त्याने शाळा सोडली आणि २०१३ मध्ये, तुमच्या मुलाच्याच वयात, सतराव्या वर्षी लीग ऑफ लेजंड्स या खेळाचं जगज्जेतेपद जिंकलं. हे सगळं खरं आहे. पण त्याने शाळा सोडली तेव्हा त्या देशात या खेळांच्या संघटनेला तेरा वर्षं झाली होती, पगारी संघ होते, प्रशिक्षक होते, स्वतंत्र वाहिन्या होत्या. आणि त्याच्याबरोबर शाळा सोडलेल्या बाकीच्या मुलांची नावं कोणाला सांगता येतात? आंब्याच्या एका तुऱ्यावर हजारभर फुलं येतात आणि शेवटपर्यंत दोन-तीन फळं टिकली तरी आपण चांगलं वर्ष म्हणतो. मोहोर बघून कोणी वाशीला पेट्यांचा आकडा कळवत नाही.

आता पुण्याच्या माणसाविषयी. मी त्याला लबाड म्हणत नाही, मला तो माहीतही नाही. चांगले, पगार देणारे संघ आपल्या राज्यात आहेत. पण काही गोष्टी कागदावर पाहिल्याशिवाय त्याच्याशी बोलूच नका. मुलगा सतरा वर्षांचा आहे. १८ पूर्ण होण्याआधी त्याने स्वतः केलेल्या कराराला कायद्यात अर्थ नाही, सही पालकांचीच लागते. म्हणजे या व्यवहारात तुम्ही बाहेरच्या नाही, मुख्य पक्ष आहात. 'घरच्यांना मध्ये आणू नका' असं त्या माणसाच्या तोंडून एकदा जरी आलं, तरी विषय तिथेच संपवा. करार किती महिन्यांचा आहे? बक्षिसातला संघाचा वाटा किती? मुलाच्या नावाचं यूट्यूब चॅनल झालं तर ते कोणाचं? मध्येच सोडून यायचं झालं तर उलट पैसे मागणार का? दहा हजार दर महिन्याला, की जिंकले तरच? बागायतदाराला बाग कराराने देण्याचा अनुभव असतो. यजमानांनी त्या माणसाशी फोनवर दहा मिनिटं बोलावं. असले प्रश्न त्यांना माझ्यापेक्षा चांगले सुचतील.

आणि एक प्रश्न माझ्याकडून. २०२३ मध्ये खेळ परत आला तेव्हा कंपनीनेच १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती, मोठ्यांना सहा तासांची. मग हा सतरा वर्षांचा मुलगा दिवसभर सराव करणार तो कोणाच्या नावाच्या खात्यावरून? या प्रश्नाला तो माणूस सरळ उत्तर देतो की हसण्यावारी नेतो, त्यावरून पुष्कळ कळेल.

दोन हजार तीनशे रुपयांचं. त्यातले काही यूसीचे असतील, म्हणजे खेळातले कपडे, बंदुकीचे रंग वगैरे घ्यायचं खेळातलं चलन. ते चुकलं, पण पोरकट चूक आहे. मला काळजी 'रूम'ची वाटते. प्रत्येकाने पन्नास-शंभर रुपये टाकायचे, सामना खेळायचा आणि जमलेले पैसे जिंकणाऱ्याने न्यायचे, असे प्रकार टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर रोज चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचा प्रायोजकसुद्धा या कायद्यानंतर गेला. सगळ्यांचे पैसे जमवून एकाने न्यायचे ते रूम याच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. मुलाशी हे बोलताना आवाज चढवू नका, पण यात सूट देऊ नका. विचारून खेळ, यूपीआयचा पिन माझ्याकडे राहील आणि पैसे लावायचे रूम कायमचे बंद.

व्यसनाचा शब्द तुम्ही लिहिला नाहीत, पण तो तुमच्या मनात असणार. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे, ती यादी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. हातातून सुटलेला ताबा, बाकी सगळं मागे पडून खेळच पुढे येणं, नुकसान दिसत असून न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी खूण सांगितली आहे. तुमचा मुलगा जेवतो, झोपतो, कॉलेजला जातो, जिंकलेले पैसे आईला देतो. मला त्याच्यात ती खूण दिसत नाही. पुढे कधी दिसली, रात्रीची झोप गेली, कोणाशीच बोलेनासा झाला, तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मग फेब्रुवारीपर्यंत काय? टीमचा सराव रात्री ठरलेल्या वेळी असतो, भाच्याचा नऊ ते अकरा चालतो. तुमच्याकडे तो आठवड्यातून चार दिवस राहू द्या. जानेवारीपासून दोन दिवस. टीमला हे त्याने स्वतः सांगावं. बोर्डाच्या परीक्षेला टीम थांबत नसेल, तर ती टीम पुण्यात गेल्यावरही त्याच्यासाठी थांबणार नाही. परीक्षा झाली की, कुठली प्रवेश परीक्षा नसेल तर, एप्रिल-मे मोकळे आहेत. त्या दोन महिन्यांत तुम्ही दोघांपैकी एकाने सोबत जाऊन बूटकॅम्पची जागा बघा, आठ दिवस राहू द्या आणि परत आणा. काढणीचे दिवस असतात, यजमानांना जमणार नाही, तेव्हा तुम्ही जा. त्यानंतर तो अठराचा होईल, आणि मग तुमच्या 'नाही'पेक्षा त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं जास्त कामी येईल.

अजून एक गोष्ट आहे, तिच्यावर मला जास्त भरवसा वाटतो. आपल्याकडे डिसेंबर ते मे टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा किती होतात, तुम्ही पाहताच. खेळणारे बावीस, पण त्यांच्याभोवती कॉमेंट्री करणारा, यूट्यूबवर लाइव्ह दाखवणारा, स्कोअर लिहिणारा, मंडप घालणारा, बॅनर छापणारा अशी पन्नास माणसं असतात. कॉमेंट्री करणारा चांगला असला तर त्याला सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत बोलावणी येतात. तो मैदानात कधी उतरलेलाही नसतो. ई-स्पोर्ट्सचंही हेच आहे. चौसष्ट जणांचा सामना प्रेक्षकाला कळावा म्हणून कोणत्या क्षणी कोणत्या खेळाडूचा पडदा दाखवायचा हे ठरवणारा माणूस लागतो, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. कॉमेंट्री लागते, संकलन लागतं, स्पर्धेचं व्यवस्थापन लागतं, आकडे काढून टीमला चुका दाखवणारा लागतो. खेळ बनवणाऱ्यांकडे तर कोडिंगपासून चित्रापर्यंत सगळीच कामं. उद्या बीजीएमआय बंद पडला तरी ऑब्झर्व्हरचा डोळा आणि संकलकाचा हात दुसऱ्या खेळात चालतो. ही कामं त्याच्या मालकीची, कोणी अ‍ॅप स्टोअरवरून काढू शकत नाही. तुमच्या मुलाला फिजिक्स आवडतं की चित्र, बोलणं की हिशेब, हे पत्रात नाही. त्याला विचारा. बारावीनंतर कुठे जायचं हे त्यावरून ठरवता येईल, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा.

त्याआधी या आठवड्यातलं काम. काच बदलायला दोघांना एकत्र पाठवा. कणकवलीला जाऊन यायला अर्धा दिवस मोडेल, मोडू द्या. पैसे यजमानांनी द्यावेत. परतल्यावर रात्री एक सामना त्यांनी मुलाच्या शेजारी ओटीवर बसून बघावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, साधारण अर्धा तास लागतो. मध्ये काही बोलू नये. संपल्यावर एकच विचारावं, "तू मघाशी एवढा वेळ थांबलास कशाक?"